फार चांगला खेळतो म्हणून वगळलेला: फुल्व्हिओ बेर्नार्दिनीचं प्रकरण

10 जून 1934, रोम. विश्वचषकाची अंतिम लढत, इटलीविरुद्ध चेकोस्लोव्हाकिया. प्रेक्षकांत खुद्द मुसोलिनी. पाहुण्यांनी आधी गोल केला, ओर्सीने शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत बोलोन्याच्या स्कियाव्हिओने सामना जिंकून दिला. 2-1. इटली पहिल्यांदा जगज्जेती झाली तीही राजधानीत, स्वतःच्या लोकांसमोर.

त्या अकरा जणांत रोमा क्लबचे दोघे होते. हाफबॅक अत्तिलिओ फेर्रारिस आणि अर्जेंटिनात जन्मलेला विंगर ग्वाइता. पण रोमाच्या खेळाचा कणा असलेला, याच शहरात जन्मलेला आणि त्या वेळी ऐन 28 वर्षांचा फुल्व्हिओ बेर्नार्दिनी मात्र मैदानावर नव्हता, राखीव खेळाडूंतही नव्हता. देशासाठी 26 सामने खेळून झालेल्या या माणसाला 1932 नंतर पुन्हा बोलावणं आलंच नाही.

त्याला वगळण्याचं जे कारण सांगितलं जातं, ते फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यांत विचित्र कारणांपैकी एक आहे. हा माणूस फार चांगला खेळतो, म्हणून नको.

पुढे हाच माणूस प्रशिक्षक झाला. मिलान आणि तुरिनच्या बड्या क्लबांना बाजूला सारून त्याने दोन वेगवेगळ्या शहरांना इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं आणि अखेर, वयाच्या 68व्या वर्षी, त्याला वगळणाऱ्या माणसाच्याच खुर्चीत जाऊन बसला. एका वाक्याने त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द अडवली. प्रशिक्षक म्हणून त्या वाक्याचं त्याने काय केलं, हे मला या प्रकरणात पाहायचं आहे.

गोलरक्षकापासून फॉरवर्डपर्यंत

बेर्नार्दिनीचा जन्म डिसेंबर 1905चा. रोमच्याच लात्सिओ क्लबात तो पोरवयात आला तो गोलरक्षक म्हणून. नंतर गोल सोडून थेट पुढच्या फळीत गेला आणि गोल अडवणारा पोरगा गोल करायला लागला. पुढे वयाबरोबर तो मागे सरकला आणि मधल्या फळीच्या मध्यावर स्थिरावला. म्हणजे मैदानाची जवळजवळ प्रत्येक जागा त्याने आतून पाहिली होती. प्रशिक्षकाला याहून चांगलं शिक्षण कुठलं मिळणार?

मार्च 1925मध्ये तुरिनला फ्रान्सविरुद्ध तो इटलीकडून पहिला सामना खेळला. इटलीने 7-0 असा धुव्वा उडवला. त्या सामन्याचं खरं महत्त्व वेगळंच आहे. तोवर इटलीचा राष्ट्रीय संघ म्हणजे उत्तरेची जहागीर होती. तुरिन, जेनोआ, मिलान, व्हेर्चेल्ली, बोलोन्या. रोम किंवा त्याच्या दक्षिणेकडच्या क्लबमधून राष्ट्रीय संघात आलेला पहिला खेळाडू बेर्नार्दिनीच.

1926 साली तो इंटरमध्ये गेला, म्हणजे मिलानला. तिथे फुटबॉल खेळता खेळता बोक्कोनी विद्यापीठातून त्याने अर्थशास्त्र आणि वाणिज्याची पदवी घेतली. इटलीत पदवीधर कुणालाही 'दोत्तोरे' म्हणजे डॉक्टर म्हणतात, त्याला औषधाचं नावही ठाऊक नसलं तरी. खेळाडूंमध्ये पदवीधर विरळाच, त्यामुळे हा आयुष्यभर 'दोत्तोरे'च राहिला. जवळच्यांसाठी 'फुफ्फो'.

इंटरमधल्या दोन वर्षांत त्याच्या नावावर एकही करंडक लागला नाही, पण एक गोष्ट लागली आणि ती कुठल्याही करंडकापेक्षा मोठी आहे. क्लबच्या मुलांमध्ये एक सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने किरकोळ पोरगा सराव करायचा. बेर्नार्दिनीने त्याला पाहिलं आणि प्रशिक्षक आर्पाद वाइसच्या मागे लागला, की याच्याकडे एकदा नीट बघा. तो पोरगा म्हणजे जुसेप्पे मेआत्सा. आज मिलानचं स्टेडियम ज्याच्या नावाने ओळखलं जातं तोच. 1934च्या अंतिम सामन्यात मेआत्सा खेळत होता, त्याला हेरणारा घरी होता.

(वाइसबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हंगेरीचा हा ज्यू प्रशिक्षक इंटर आणि बोलोन्या दोघांनाही विजेतेपद देऊन गेला. 1938च्या वंशकायद्यांनी त्याला इटली सोडावी लागली आणि 1944च्या जानेवारीत ऑशविट्झमध्ये त्याचा अंत झाला.)

1928च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये इटलीने कांस्यपदक मिळवलं. त्या संघात बेर्नार्दिनी होता. त्याच वर्षी तो रोमला परतला, नव्याने स्थापन झालेल्या रोमा क्लबमध्ये, आणि 1939पर्यंत तिथेच राहिला. तेस्ताच्चो नावाच्या कामगार वस्तीतलं लाकडी बाकांचं मैदान हे रोमाचं घर. मार्च 1931मध्ये तिथे रोमाने तुरिनच्या युव्हेंतुसला 5-0 असं धुतलं, त्यात एक गोल याचा. ती युव्हेंतुस म्हणजे सलग पाच वर्षं विजेतेपद घेण्याच्या वाटेवर असलेली युव्हेंतुस, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निकालाचं वजन कळतं. तरी रोमा त्या मोसमात दुसरीच आली. 1936मध्येही दुसरी. खेळाडू म्हणून बेर्नार्दिनीला लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही.

पोत्सोचं गणित

आता त्या वाक्याकडे.

व्हित्तोरिओ पोत्सो 1929पासून राष्ट्रीय संघाची सूत्रं एकहाती चालवत होता. तुरिनचा माणूस, पहिल्या महायुद्धात डोंगरी पलटणीत अधिकारी, पेशाने पत्रकार. त्याच्या खात्यावर दोन विश्वचषक आणि एक ऑलिंपिक सुवर्ण आहे. तेव्हा त्याला बावळट ठरवून हे प्रकरण निकालात काढता येत नाही.

बेर्नार्दिनी पुढे सांगत असे ती हकिगत अशी. पोत्सोने त्याला बोलावून घेतलं आणि समजावलं, की तू इतरांपेक्षा वरच्या पातळीवर खेळतोस. तुला जे दिसतं ते तुझ्या साथीदारांना दिसत नाही. तुझ्यासमोर त्यांना आपण कमी आहोत असं वाटतं. मग मी काय करू, तुला वाईट खेळ म्हणून सांगू? की सगळ्यांना वगळून तुला एकट्याला ठेवू?

हकिगत एका बाजूची आहे, आणि वगळलेल्या माणसाच्या तोंडची. थोडं मीठमसाला लागला असणारच. पण आतलं गणित मला खरं वाटतं. ते समजायला त्या वेळची मांडणी पाहावी लागते.

इटलीत तेव्हा 'मेतोदो' नावाची पद्धत होती. मागे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ, मग दोन मागे ओढलेले आतले फॉरवर्ड आणि टोकाला तिघे. या सगळ्याची किल्ली तीन हाफपैकी मधल्याच्या हातात. समोरच्याचा हल्ला तोच मोडणार, आणि चेंडू मिळताच आपला हल्लाही तोच सुरू करणार. इंग्लंडमध्ये असताना पोत्सो मँचेस्टर युनायटेडच्या चार्ली रॉबर्ट्सच्या खेळावर लुब्ध झाला होता. हा मधला हाफ चेंडू फार न रेंगाळवता सरळ लांब, दोन्ही टोकांच्या विंगरकडे द्यायचा. पोत्सोला तेच हवं होतं. आडवा येईल त्याला रोखणारा भक्कम माणूस आणि मग एक लांब, सोपा पास.

ती जागा त्याने दिली लुइस मोंतीला. अर्जेंटिनाकडून 1930ची अंतिम लढत खेळलेला, युव्हेंतुसने आणलेला, अंगाने दुप्पट रुंद आणि आडव्या येणाऱ्याची गय न करणारा. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेला हा आजवरचा एकमेव माणूस. बेर्नार्दिनी त्याच्या अगदी उलट. मान वर, चेंडू पायाशी लाडात, दोन पावलं पुढची चाल आधीच डोक्यात. तो पास द्यायचा ती जागा रिकामी असायची, कारण साथीदाराने तिथे पोहोचायला हवं होतं. साथीदार हुशार असला तर वाहवा, नसला तर चेंडू बाहेर आणि शिट्या साथीदाराच्या वाट्याला.

म्हणजे 'फार चांगला' या शब्दांमागे पोत्सोला खरं म्हणायचं होतं ते असं: तुला घेतलं तर बाकीच्या दहांना तुझ्याप्रमाणे बदलावं लागेल, आणि राष्ट्रीय संघाकडे त्यासाठी वेळ नसतो. क्लबमध्ये वर्षभर सराव होतो, इथे चार दिवस. हे गणित निर्दय आहे, पण चुकीचं नाही. विश्वचषक त्यानेच जिंकला.

फेर्रारिसचा विरोधाभास मात्र बोलका आहे. तोही रोमाचा, पण क्लबशी बिनसलेलं, सराव सुटलेला, सिगारेट आणि बिलियर्ड्समध्ये दिवस चाललेले. पोत्सोने त्याला सिगारेट सोडायला लावून संघात घेतलं, असं सांगतात. वाया चाललेल्या माणसाला सुधारता येतं असं पोत्सोला वाटत होतं. जास्त येणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र त्याला सुचलं नाही.

पिकतं तिथे विकत नाही

रोमा सोडल्यावर बेर्नार्दिनी रोममधल्याच 'मातेर' नावाच्या छोट्या क्लबात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत उतरला. मग युद्ध. 1949मध्ये रोमाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. घरचाच माणूस, लोकांचा लाडका. एका मोसमातच सगळं फिसकटलं, संघ तळाशी घसरला आणि त्याला जावं लागलं. पुढच्याच मोसमात रोमा खालच्या श्रेणीत गेली. क्लबच्या इतिहासात ते एकदाच घडलंय, तेव्हा दोष एकट्या प्रशिक्षकाच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. पण आपल्या गावात माणसाला दुसरी संधी सहसा मिळत नाही.

तो व्हिचेन्त्साला गेला, दुसऱ्या श्रेणीत. तिथून 1953च्या सुरुवातीला फ्लॉरेन्सला.

फिओरेन्तिना: एकासाठी दुसऱ्याने धावायचं

फिओरेन्तिनाला तोवर एकदाही विजेतेपद मिळालेलं नव्हतं. अध्यक्ष एन्रिको बेफानी प्रातोचा कापड गिरणीवाला, हिशेबी माणूस, पण बेर्नार्दिनीने मागितलं ते त्याने दिलं. संघाची मागची बाजू बेर्नार्दिनीने बांधली ती सार्ती, मान्यिनी, चेर्वातो, रोसेत्ता, कियाप्पेल्ला, सेगातो यांना घेऊन. हे सगळे राष्ट्रीय संघातही खेळले. मग 1955च्या उन्हाळ्यात दोघे समुद्रापलीकडून आले. ब्राझीलचा उजवा विंगर जुलिन्यो आणि चिलीच्या क्लबात खेळणारा, अर्जेंटिनात जन्मलेला मिगेल मोंतुओरी. मोंतुओरीचं नाव म्हणे चिलीतल्या एका इटालियन पाद्र्याने पत्र लिहून कळवलं होतं. खेळाडू हेरायला तेव्हा देवाची माणसंही कामाला येत.

जुलिन्यो हे या प्रकरणातलं पहिलं मोठं उत्तर आहे. 1954च्या विश्वचषकात जगाने त्याला पाहिलं होतं. उंच, सडपातळ, चेंडू पायाला बांधल्यासारखा, आणि स्वभावाने उदास. घराची आठवण काढत बसणारा. इटलीत त्याला 'सिन्योर त्रिस्तेत्सा' म्हणजे दुःखीराव म्हणत. असा विंगर मागे येऊन बचाव करणार नाही, आणि त्याला तसं करायला लावणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याला टांग्याला जुंपणं.

पोत्सोसमोर असा माणूस आला असता तर प्रश्न पुन्हा तोच होता. हा इतरांशी जुळेल का? बेर्नार्दिनीने प्रश्नच उलटा केला. जुलिन्योने जुळवून घ्यायचंच नाही, त्याच्यामुळे बिघडणारा तोल दुसऱ्या टोकाने सावरायचा. डाव्या बाजूला त्याने मौरीलिओ प्रीनीला ठेवलं. पाठीवर 11 क्रमांक, म्हणजे कागदावर विंगर. प्रत्यक्षात हा माणूस सामनाभर मागे-पुढे पळत मधली फळी भरून काढायचा. त्यामुळे मधे एक माणूस जास्त झाला, मागची फळी निर्धास्त झाली आणि उजवीकडे जुलिन्योला वाटेल ते करायला मोकळं रान मिळालं. मधल्या व्हिर्जिलीने त्या मोसमात 21 गोल केले.

प्रीनीचं नाव आज फ्लॉरेन्सबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. माझ्या मते त्या संघातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय तोच होता.

1955-56चा हिशेब असा: 34 सामने, 20 विजय, 13 बरोबरी, 1 हार. ती एकुलती हारही अगदी शेवटच्या सामन्यात, जेनोआत, विजेतेपद केव्हाच खिशात पडल्यावर. विजयाला दोनच गुण मिळायचे त्या काळात दुसऱ्या क्रमांकावरचं मिलान 12 गुणांनी मागे राहिलं. संघाने अख्ख्या मोसमात 20 गोल खाल्ले. म्हणजे 'सुंदर खेळणारा' हा संघ त्याच वेळी सगळ्यांत कंजूषही होता. हे विसरलं जातं.

पुढच्या वर्षी युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचणारा तो पहिला इटालियन क्लब ठरला. 30 मे 1957, माद्रिद. समोर रेआल माद्रिद, तेही त्यांच्याच अंगणात. सत्तर मिनिटांपर्यंत पाटी कोरी होती. मग मान्यिनीने मातेओसला पाडलं आणि पंच लिओ हॉर्न यांनी पेनल्टी दिली. धक्का पेटीबाहेर लागला आणि त्याआधी लाइन्समनचा झेंडाही वर होता, असं फिओरेन्तिनावाले आजतागायत सांगतात. डी स्टेफानोने गोल केला, नंतर खेन्तोने दुसरा. 0-2.

1958मध्ये बेर्नार्दिनी लात्सिओकडे, म्हणजे ज्या क्लबातून सुरुवात केली तिथेच गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात लात्सिओने कोप्पा इतालिया, म्हणजे लीगहून वेगळा असा इटलीचा चषक जिंकला, क्लबचा पहिलावहिला करंडक. अंतिम सामन्यात समोर होती फिओरेन्तिना, निकाल 1-0. गोल केला लात्सिओत आलेल्या प्रीनीने. इतरांसाठी धावणाऱ्याला असा एक दिवस मिळाला, याचं मला बरं वाटतं.

बोलोन्या, 1964

लात्सिओचं पुढे चांगलं झालं नाही, तो भाग मी सोडतो. 1961मध्ये तो बोलोन्याला आला. वाइसने गाजवलेल्या याच क्लबाला 1941नंतर विजेतेपद नव्हतं. रेनातो दाल्लारा हे तीस वर्षं ठाण मांडून बसलेले अध्यक्ष. संघात घरचाच पोरगा बुल्गारेल्ली मधे, डावीकडे डोकं घालून उडी घेणारा पास्कुत्ती, पुढे डेन्मार्कचा निल्सन आणि जर्मनीचा हेल्मुट हालर. हालर म्हणजे पुन्हा तोच नमुना. अफाट कसब, मनाला येईल तेव्हा खेळणार. बेर्नार्दिनीने त्याच्याभोवती फोल्यी आणि बुल्गारेल्ली असे दोन विचारी, कष्टाळू पाय ठेवले. 1962मध्ये शेजारच्या मोदेनाला 7-1 हरवल्यावर असं फक्त स्वर्गात खेळतात, असे उद्गार बेर्नार्दिनीच्या तोंडून निघाले आणि ते शहराने अजून जपून ठेवलेत.

त्या काळात इटलीवर प्रशिक्षक एलेनिओ एर्रेराच्या इंटरचं राज्य होतं. मागे कुलूप, पुढे विजेसारखा प्रतिहल्ला. 1963-64मध्ये बोलोन्या त्यांच्या खांद्याला खांदा लावून धावत असताना मार्चमध्ये बॉम्ब पडला. फेब्रुवारीतल्या तोरिनोविरुद्धच्या सामन्यानंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांत पाच खेळाडूंच्या बाबतीत ॲम्फेटामिन हे उत्तेजक सापडल्याचं जाहीर झालं. शिक्षा झाली: जिंकलेला सामना हरल्याचा ठरला, वर आणखी एक गुण कापला. खेळाडू सुटले, पण बेर्नार्दिनी आणि संघाचे डॉक्टर यांच्यावर 18 महिन्यांची बंदी. म्हणजे दोत्तोरेंनीच पोरांना गुपचूप औषध चारलं, असा अर्थ.

शहर पेटलं. बोलोन्याच्या वकिलांनी प्रकरण क्रीडा महासंघाच्या हातून काढून न्यायालयात नेलं. पोलिसांनी राखून ठेवलेले दुसरे नमुने जप्त केले. ते तपासले तर स्वच्छ. पहिल्या नमुन्यांत कुणीतरी मागाहून हात घातला होता, हे उघड झालं. कुणी, ते कधीच नाही. मे महिन्यात बंदी उठली, गुण परत मिळाले, आणि मोसम संपला तेव्हा बोलोन्या 54, इंटर 54.

अंतिम निकाल एका जादा सामन्यावर, रोममध्ये, 7 जूनला. एकाच गटात सगळे क्लब खेळू लागल्यापासून इटलीचं विजेतेपद असं सामन्यावर ठरल्याची ही एकमेव वेळ. इंटर नुकतीच, 27 मेला, व्हिएन्नात रेआल माद्रिदला हरवून युरोपविजेती झाली होती. सामन्याच्या चार दिवस आधी मिलानमध्ये लीगच्या कचेरीत सामन्याच्या व्यवस्थेची चर्चा चालू असताना दाल्लारांना हृदयविकाराचा झटका आला आणि इंटरचे अध्यक्ष मोरात्ती यांच्यासमोरच ते गेले. ज्या दिवसाची वीस वर्षं वाट पाहिली, तो चार दिवसांवर असताना.

बेर्नार्दिनीने संघाला रोमजवळच्या फ्रेजेने या समुद्रकाठच्या गावी आधीच आणून ठेवलं होतं. कारण साधं: जूनमधल्या रोमच्या उकाड्याची सवय व्हावी. तो रोमचाच, त्याला तो उकाडा ठाऊक होता. पण त्याचा खरा डाव संघ जाहीर होताना कळला. जायबंदी पास्कुत्तीच्या जागी, 11 क्रमांकाच्या सदऱ्यात, काप्रा नावाचा बचावपटू. सोंग विंगरचं, काम मागच्या फळीचं. स्वर्गातला फुटबॉल खेळवणाऱ्या माणसाने वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी एक आक्रमक काढून एक बचावपटू घातला. एर्रेराच्या इंटरला प्रतिहल्ल्यासाठी लागणारी मोकळी जागाच मिळेना. तास उलटून गेला, इंटर दमली. पंचाहत्तराव्या मिनिटाला फोल्यीची फ्री किक इंटरच्या फाक्केत्तीला लागून आत गेली, मग निल्सनचा दुसरा. 2-0.

काही जण म्हणतात, त्या दिवशी बेर्नार्दिनी आपल्या तत्त्वांशी बेइमान झाला. मला तसं वाटत नाही. प्रीनी आणि काप्रा यांच्यात फरक फक्त मात्रेचा आहे. हालरला हालर राहू देण्यासाठी कुणीतरी धावायला हवं, हे तो फ्लॉरेन्सपासून सांगत होता. 11 क्रमांकाचा सदरा घालून 11 क्रमांकाचं काम न करणारा माणूस ही जणू त्याची सहीच होती. बोलोन्याला त्यानंतर आजवर लीगचं विजेतेपद मिळालेलं नाही.

पोत्सोच्या खुर्चीत

त्यानंतरच्या, जेनोआच्या साम्पदोरिया क्लबातल्या वर्षांबद्दल थोडक्यात. खालच्या श्रेणीतून संघाला 1967मध्ये वर आणलं, मग तुटपुंज्या पैशात तगवून धरलं. मार्चेल्लो लिप्पी नावाचा तरुण बचावपटू त्याच्याच हाताखाली तिथे खेळू लागला. तो पुढे 2006मध्ये विश्वविजेत्या इटलीचा प्रशिक्षक झाला.

1974च्या विश्वचषकात इटली पहिल्याच फेरीत गारद झाली. प्रशिक्षक वाल्कारेज्जी पायउतार झाले आणि महासंघाने 68 वर्षांच्या बेर्नार्दिनीला बोलावलं. आता बोलावणं कुणाला धाडायचं आणि कुणाला नाही, हे तो ठरवणार होता.

त्याने पहिल्याच झटक्यात रिव्हेरा, मात्सोला आणि रीव्हा यांना वगळलं. तिघेही पुन्हा कधी इटलीकडून खेळले नाहीत. एका पिढीची दैवतं होती ती. त्यातला रिव्हेरा तर हुबेहूब बेर्नार्दिनीच्याच जातकुळीतला. मान वर, पाय हलका, इतरांना न दिसणारा पास देणारा. ज्याच्यासाठी इतर दहांनी धावावं असा. चाळीस वर्षांपूर्वी हाच अन्याय सोसलेल्या माणसाने असं करावं?

इथे मी बराच काळ अडलो होतो. हे वय झाल्याचं कारण असू शकतं. रिव्हेरा आणि मात्सोला दोघेही 31 वर्षांचे होते, पुढच्या विश्वचषकाला 35च्या घरात गेले असते. पण ते अर्धंच उत्तर. बाकीचं अर्धं, त्यांच्या जागी त्याने कुणाला आणलं यात आहे. त्याची अट एकच होती: पाय चांगले हवेत. धावायला कुणालाही शिकवता येतं, चेंडूशी बोलायला नाही. दर सामन्याला नवे चेहरे यायचे, वर्तमानपत्रं टिंगल करायची. सुरुवात हारीने झाली, झाग्रेबला युगोस्लाव्हियाकडून. दुसऱ्या सामन्यात, नोव्हेंबरात रॉटरडॅमला, क्रायफच्या हॉलंडसमोर त्याने जांकार्लो आन्तोन्योनी नावाच्या फिओरेन्तिनाच्या वीस वर्षांच्या पोराला उतरवलं. इटली 1-3 हरली. आन्तोन्योनी मात्र राहिला. पुढे ग्रात्सियानी आला, जेंतिले आला, शिरेआ, तार्देल्ली.

निकाल सांगायचे तर लाज वाटावी असेच होते. युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत फिनलंडशी रोममध्ये 0-0. 1975पासून एन्झो बेआर्झोतला त्याच्या जोडीला बसवलं, आणि हळूहळू सूत्रं बेआर्झोतकडे गेली. 1977मध्ये बेर्नार्दिनी बाहेर पडला. कागदावर ही त्याची प्रशिक्षक म्हणून सगळ्यांत फसलेली खेळी.

पोत्सोने तयार माणसं घेऊन चार वर्षांत विश्वचषक जिंकला. बेर्नार्दिनीला कुणीतरी वेळ द्यायला हवा होता, तो त्याला मिळाला नाही. पण त्याने पेरलेलं बेआर्झोतने उपटून टाकलं नाही. 1982च्या जुलैमध्ये माद्रिदला, ज्या मैदानावर फिओरेन्तिना 1957मध्ये हरली होती त्याच मैदानावर, इटलीने पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं. जेंतिले, शिरेआ, तार्देल्ली, ग्रात्सियानी चौघेही खेळले. बेर्नार्दिनी तेव्हा हयात होता. जानेवारी 1984मध्ये तो गेला. त्रिगोरियातलं रोमाचं सरावकेंद्र आज त्याच्या नावाने आहे.

पाचवा, आन्तोन्योनी, त्या रात्री प्रेक्षकांत होता. उपांत्य सामन्यात त्याचा पाय जायबंदी झाला होता. संघातल्या सगळ्यांत चांगल्या पायांच्या त्या माणसाची जागा बेआर्झोतने दुसऱ्या कलाकाराला दिली नाही. बंदीमुळे उपांत्य सामना हुकलेला जेंतिले परतला तरी अठरा वर्षांच्या बेर्गोमीला, एका बचावपटूला, त्याने तसंच ठेवलं.